गिलाव्याची तहान

घराच्या बाहेरचा रंग दोन वर्षांत उडाला की पहिला दोष रंगाच्या डब्याला दिला जातो आणि दुसरा रंगाऱ्याला. हे दोघेही कधीकधी दोषी असतात. पण निकाल देण्याआधी भिंतीवरून सुटलेला एक पोपडा हातात घ्यावा आणि उलटा करून पाहावा. त्याच्या पाठीवर सगळी साक्ष लिहिलेली असते. पाठीला वाळूचे कण आणि सिमेंटची करडी पूड चिकटून आली असेल, तर रंग भिंतीवरून सुटलेला नाही. त्याने भिंत घट्ट धरून ठेवली होती, गिलाव्याचा वरचा थरच आतून निसटला. पाठीवर पांढरी, मिठासारखी भुकटी असेल, तर क्षारांनी रंगाला मागून ढकलून काढले आहे. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत निघाली, तरच संशय रंगकामाकडे वळवावा: रंग ओल्या भिंतीवर किंवा धुळीवर मारला गेला असणार. लातूर-नांदेडच्या नव्या वसाहतींत भिंतींचे जे हाल दिसतात त्यांत पहिल्या दोन प्रकारांचा वाटा फार मोठा आहे, असे माझे मत आहे. आणि त्यामागचे कारण दुकानातल्या कोणत्याही डब्यात नाही. मराठवाड्यात भिंतीला पाणी हवे असते तेव्हा ते मिळत नाही, आणि तिला कोरडे राहू द्यायचे असते तेव्हा आपण ती ओली असतानाच झाकून टाकतो.

रंगाच्या अंगात बळ तरी किती असते ते आधी पाहू. बाहेरच्या भिंतीला इमल्शनचे दोन हात दिले की वाळल्यावर उरणारा पापुद्रा साधारण माणसाच्या केसाएवढा जाड असतो. त्याखालचा बाहेरचा गिलावा दोन थर मिळून अठरा ते वीस मिलिमीटर, म्हणजे रंगाच्या काही शे पट. एवढ्या पातळ पापुद्र्याने उन्हातली किरणे अडवावीत, पावसाचे पाणी परतवावे, हे त्याचे काम आहे आणि आजचे चांगले रंग ते करतात. पण खालचा थर भुसभुशीत असेल तर पापुद्र्याने तो धरून ठेवावा ही अपेक्षा चुकीची आहे. चिखलावर कितीही चांगला कागद चिकटवला तरी तो चिखलासकटच निघून येणार. म्हणून प्रश्न गिलाव्याच्या बळाचा आहे, आणि सिमेंटच्या गिलाव्याचे बळ पाण्यातून येते. सिमेंट वाळून घट्ट होते ही आपल्याकडची जुनी गैरसमजूत आहे. ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. सिमेंटच्या वजनाच्या जवळपास पाव हिस्सा पाणी त्या रासायनिक क्रियेत कायमचे अडकते, आणि ही क्रिया एका दिवसात उरकत नाही. पहिले सात दिवस ती जोरात चालते, अठ्ठावीस दिवसांपर्यंत बरीचशी पुरी होते. मधेच गिलावा वाळला की ती थांबते. नंतर पाणी मिळाले तर थोडी पुढे सरकते, पण गमावलेले बळ पूर्ण परत येत नाही. म्हणूनच गिलावा झाल्यावर किमान सात दिवस तो ओला ठेवावा असे भारतीय मानक सांगते. आपले गवंडी याला साध्या शब्दांत ‘पाणी मारणे’ म्हणतात.

आता हे पाणी आपल्याकडे कोणत्या महिन्यात मारले जाते ते पाहा. लातूरच्या बाजारात आणि भोवतालच्या गावांत पैसा हलतो तो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्याच पैशातून घराचा पाया खणला जातो. वीटभट्ट्याही पाऊस उघडल्यावरच पेटतात. जोते, भिंती, स्लॅब असे करत काम पुढे जाते आणि बाहेरच्या गिलाव्याची पाळी येते ती फाल्गुन ते वैशाख या दिवसांत. पारा चाळिशी ओलांडतो, हवेत ओलावा नावाला उरत नाही, वारा गरम असतो, आणि बोअर याच दिवसांत आटायला लागते. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, आणि त्याआधी पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली होती. तो उन्हाळा टोकाचा होता हे खरे. पण दर दोन-चार वर्षांनी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात भिंतीवर पाणी ओतणे ही गोष्ट लोकांना उधळपट्टी वाटते, त्यात नवल नाही. पिण्याच्या घागरीपुढे भिंतीची तहान कोण मोजणार?

ती मोजून पाहू, कारण आकडा समजला की निर्णय सोपा होतो. एका साध्या एकमजली घराच्या बाहेरच्या भिंती दीड हजार चौरस फूट धरू. शंभर फुटांना एका वेळी पंधरा लिटर धरले तर एका फेरीला सव्वादोनशे लिटर लागतील. दिवसातून तीन फेऱ्या, असे सात दिवस केले की हिशेब पावणेपाच हजार लिटरच्या आसपास येतो. म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर. ज्या घराला काही लाखांचा खर्च आला आहे, त्याच्या संपूर्ण बाहेरच्या अंगाचे आयुष्य एका टँकरवर ठरते. तो वाचवून पुढे दर तीन वर्षांनी पोपडे खरडण्याची, लांबी भरण्याची आणि पुन्हा रंगाची मजुरी देत बसणे हा व्यवहार तोट्याचा आहे. आणि खरे तर एवढेही पाणी लागू नये. पाइपने मारलेले बहुतेक पाणी भिंतीवरून ओघळून जमिनीत जाते. भिंतीवर गोणपाट सोडून ते भिजवले तर तेच पाणी तासन्‌तास भिंतीला लागून राहते. पाणी कमी आहे हे गोणपाट लावण्याचे कारण व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते पाणीच न मारण्याचे कारण होऊन बसले.

यावर गवंड्यांचे उत्तर ठरलेले असते: पाणी तर मारतोच की, सकाळ-संध्याकाळ. ते खोटे नसते. पण एप्रिलमधल्या पश्चिमेच्या भिंतीचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी सातला पाणी मारले, दहापर्यंत भिंत ओलसर राहिली. बाराच्या पुढे तिच्यावर ऊन आले, आणि दोन वाजता तळहात टेकवला तर ठेवता येत नाही. संध्याकाळी सहापर्यंत ती कोरडीच तापत राहते. त्या चार-पाच तासांत वरच्या दोन-तीन मिलिमीटरमधले पाणी उडून जाते, आणि रंगाला नेमका तोच थर धरायचा असतो. अशा भिंतीवर नखाने ओरखडा काढला की वाळू गळते. त्यावर प्रायमर मारला तरी तो त्या भुसभुशीत थरात थोडाच खोल जातो. दिवसातून दोनदा पाणी मारले असे कागदावर खरे असते, पण भिंतीच्या लेखी ती दिवसातला बराच वेळ कोरडीच होती. शिवाय गिलाव्याचे काम दुपारी करायचे, माल तासाभराने सुकायला लागला की त्यात पाणी ओतून पुन्हा सारखा करायचा, आणि शेवटी पृष्ठभाग लवकर आवळावा म्हणून वरून कोरडे सिमेंट चोपडायचे, या सवयी त्याच थराला आणखी कमकुवत करतात. कोरड्या सिमेंटच्या त्या सायीला महिन्याभरात जाळीसारख्या बारीक भेगा पडतात.

आमच्या आज्या-पणज्यांच्या भिंतींना असले काही करावे लागत नव्हते, असे लगेच कुणी म्हणेल. हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यातच या गोंधळाचे दुसरे मूळ सापडते. जुन्या घराला दरवर्षी दिवाळीआधी चुना लागत असे. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, तो खदखदून शांत झाला की गाळायचा, त्यात थोडा डिंक किंवा सरस आणि चिमूटभर नीळ घालायची आणि कुंचल्याने दोन-तीन पातळ हात द्यायचे. खाली हातभर गेरूचा पट्टा, म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि चिखल त्यावर दिसू नये. चुना कोरड्या भिंतीवर नीट बसत नाही. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो, आणि ही क्रिया ओलावा असेल तरच होते. म्हणून पावसाळ्यानंतरची किंचित ओलसर भिंत चुन्यासाठी योग्य होती. चुन्याचा थर वाफेला अडवत नाही, त्यामुळे भिंतीत राहिलेली ओल त्यातून निवांत निघून जाई. थर झिजला, पांढरी पूड हाताला लागली, तर पुढच्या दिवाळीला नवा हात. आश्विनात रंगरंगोटी करण्याची आपली रीत अशी चुन्याच्या स्वभावातून आलेली आहे. आपण चुना सोडला, प्लास्टिकच्या जातीचे रंग घेतले, आणि मुहूर्त मात्र तोच ठेवला. मराठवाड्यात परतीचा पाऊस सप्टेंबरात, कधी ऑक्टोबरातही झोडपतो. त्यानंतर पंधरा दिवसांत भिंत आतून वाळलेली नसते. अशा भिंतीवर इमल्शनचा पापुद्रा बसला की आत कोंडलेली ओल उन्हाने वाफ होऊन बाहेर यायला पाहते, आणि होळीच्या आसपास भिंतीवर फुगे दिसू लागतात.

जुन्या भिंतींच्या आठवणीत फार रमू नये, हेही इथे स्पष्ट सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि भोवतालच्या गावांत हजारो माणसे ज्या घरांखाली गेली, ती घरे काळ्या दगडाच्या जाड, मातीत रचलेल्या भिंतींची होती. वर मातीचे वजनदार धाबे होते, आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या दोन पदरांना आरपार बांधून ठेवणारे दगड नव्हते. त्या रात्रीनंतर लातूर-उस्मानाबादकडच्या माणसाने दगडमातीवरचा विश्वास काढून विटा-सिमेंटवर ठेवला, तो दुःखातून ठेवला आणि योग्यच ठेवला. सिमेंटकडून मागे चुन्याकडे जा, असा माझा युक्तिवाद नाही. घर बदलले, भिंत तीन फुटांवरून नऊ इंचांवर आली, धाब्याची पुढे आलेली वळचण आणि पन्हाळ गेली, आणि त्याबरोबर भिंतीचा पाण्याशी असलेला सगळा व्यवहार बदलला. तो नवा व्यवहार आपल्याला कुणी शिकवला नाही. पूर्वी पावसाचे पाणी भिंतीपासून लांब पन्हाळीतून पडे. आता चौकोनी घराच्या कठड्यावरून ते सरळ भिंतीवर उतरते, खिडकीच्या छज्ज्याखाली पागोळी तोडणारी खाचही नसते, आणि पाण्याला लांब ठेवण्याचे वळचणीचे काम आपण केसाएवढ्या पापुद्र्यावर सोपवतो. जिथे जुनी दगडमातीची भिंत अजून उभी आहे, तिथे वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग चढवणे तर दुहेरी चूक ठरते. जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात लोणा लागून गिलावा पत्र्यासारखा पोकळ वाजू लागतो.

लोण्याची, म्हणजे भिंतीत फुलणाऱ्या क्षारांची, गोष्ट निराळी सांगायला हवी, कारण तिथेही दोष रंगावर जातो. आपल्या खडकातले बोअरचे पाणी जड असते. तेच पाणी गिलाव्यात कालवले जाते, तेच वरून मारले जाते, आणि काही विटांत मुळातच क्षार असतात. भिंत वाळताना पाणी पृष्ठभागाकडे येते आणि उडून जाते, क्षार मात्र तिथेच स्फटिक होऊन बसतात. रंग नसेल तर ते बाहेर पांढरे फुलतात आणि कोरड्या ब्रशने झाडता येतात. रंग असेल तर ते रंगाच्या मागे फुलतात. पाण्याचा अंदाज घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. लोखंडी कढईत लिटरभर पाणी आटवून तळाशी उरलेली पांढरी साय पाहिली, की गावातल्या दोन विहिरींपैकी कोणत्या विहिरीचे पाणी बांधकामाला बरे ते कळते.

भेगांचा प्रश्नही रंगाच्या हातात नाही. आपल्या गावांत ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हा भेद पिढ्यान्‌पिढ्या होता: काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आक्रसते. शहरे वाढली तशी शेते बिगरशेती होऊन त्यांचे प्लॉट पडले आणि घरे काळीवर उभी राहिली. पाया खालच्या मुरमापर्यंत नेला नसेल तर दर पावसाळ्यात घर थोडे उचलले जाते आणि दर उन्हाळ्यात बसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही त्याची खूण. लवचीक रंग केसाएवढी भेग झाकतो हे जाहिरातीतले वाक्य खरे आहे. पण दरवर्षी उघडणारी आणि मिटणारी भेग कोणताही रंग झाकत नाही.

मग रंग कंपन्या सात-दहा वर्षांची हमी कशाच्या जोरावर देतात, असा प्रश्न येतो. हमीपत्र पूर्ण वाचावे. गिलावा पुरेसा पक्व झालेला, भिंत कोरडी, ओल आणि गळती नसलेली, प्रायमर सांगितल्याप्रमाणे दिलेला, रंगात पाणी ठरलेल्या प्रमाणातच घातलेले, अशा अटी त्यात असतात, आणि त्या रास्त आहेत. ताजा गिलावा फार अल्कधर्मी असतो, काही रंगद्रव्ये त्यात फिकी पडतात, म्हणूनच किमान चार आठवडे थांबायला सांगितले जाते. या अटी पाळल्या तर रंग टिकतो, यात मला शंका नाही. म्हणजे कंपनीचे हमीपत्रही शेवटी गिलाव्याकडेच बोट दाखवते. उरला सिमेंट पेंट, ज्याला आपल्याकडे सरसकट स्नोसेम म्हणतात. तो स्वस्त आहे आणि वाफ बाहेर जाऊ देतो, पण तोही सिमेंटच. भिंत भिजवून लावायचा आणि लावल्यावरही पाणी मारायचे. ते न मारल्याने तो खडूसारखा हाताला लागतो, आणि मग लोक म्हणतात हा रंगच हलका.

या सगळ्यातून मला एकच वेगळी गोष्ट सुचवायची आहे: उन्हाळ्यात गिलावा झालेल्या घराला बाहेरून लगेच रंग देऊ नये, एक पावसाळा भिंत तशीच राहू द्यावी. सात दिवस गोणपाटाखाली पाणी तर द्यावेच, पण त्यानंतर जून ते सप्टेंबर आभाळातून येणारे पाणी त्याच गिलाव्याला फुकट मिळते. त्या चार महिन्यांत क्षार बाहेर फुलून धुतले जातात, भेगा जिथे पडायच्या तिथे पडून दिसतात, आणि गळती कुठे आहे ते आतल्या भिंतीवरचे डाग सांगतात. या गोष्टी रंगाआधी कळल्या तर दुरुस्ती शेकड्यांत होते, रंगानंतर कळल्या तर हजारांत. उघडा गिलावा पावसाने खराब होईल ही भीती अनाठायी आहे. धड गिलावा एका पावसाळ्याने झिजत नाही, आणि जो झिजेल तो रंगाखालीही टिकला नसता. खरी अडचण वेगळी आहे आणि ती मला मान्य आहे: वास्तुशांतीला पाहुणे येतात, आणि आयुष्यभराच्या कमाईचे घर करडे, अर्धवट दिसावे असे कुणाला वाटेल? त्यासाठी दर्शनी भागाला त्या वर्षापुरता पातळ चुन्याचा हात द्यावा. खर्च नाममात्र, आणि गिलाव्याचा श्वासही कोंडत नाही. फक्त पुढे इमल्शन देण्याआधी तो चुना तारेच्या ब्रशने खरडून, धुऊन काढावा लागतो. हे काम रंगाऱ्याला आधीच सांगावे, नाहीतर रंग भिंतीऐवजी चुन्याच्या पुडीला चिकटेल.

दिवाळी गेली, मार्गशीर्ष गेला की भिंत तपासावी. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले, तर आठ-पंधरा दिवस आणखी थांबावे. आधी पश्चिमेची भिंत तपासावी, कारण ऊन आणि पाऊस दोन्हींचा मार खाणारी तीच. मेच्या मध्यावर शून्य सावलीच्या दिवशी सूर्य लातूर-नांदेडच्या बरोबर माथ्यावर येतो आणि नंतर जुलै अखेरपर्यंत दुपारी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागत नाही, सगळा ताप पूर्वेला आणि पश्चिमेला. त्यात नैर्ऋत्येचा पाऊस पुन्हा पश्चिमेवरच आदळतो. एखाद्या घराला पैसे कमी पडत असतील, तर चारही भिंतींना मध्यम रंग देण्याऐवजी पश्चिमेला प्रायमर आणि तीन हात द्यावेत, उत्तरेला दोनच पुरतात, आणि पश्चिमेचा रंग पांढऱ्याच्या जवळचा निवडावा, कारण गडद रंगाची भिंत जास्त तापते, जास्त प्रसरण पावते आणि लवकर फिकी पडते. माघातल्या कामात रंगाऱ्याने उन्हापुढे पळावे: पश्चिमेची भिंत सकाळी, तिच्यावर ऊन यायच्या आत, आणि पूर्वेची दुपारनंतर, ती सावलीत गेल्यावर. तापलेल्या भिंतीवर रंगातले पाणी इतक्या झपाट्याने उडते की त्याचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि कुंचल्याचे पट्टे तसेच राहतात. सायंकाळी शेवटचा हात पाचच्या पुढे नेऊ नये, कारण रात्री दव पडते.